भुंड्या डबीची तार

"मौन म्हंजी नुसतं तोंडाचं न्हवं, बाय. हाताचंबी धर, मानंचंबी धर. भुवई उडवलीस तरी मोडलं समज."

हे माझ्या सासूबाईंचं, बनुबाईंचं, सांगणं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी रविवारी जाग आली की आधी त्यांचा आवाज येतो आणि मग कोंबड्याचा. रविवार म्हणजे आमच्या घरात म्हसवडच्या सिद्धनाथाचा वार. हे सैन्यात होते तोवर सासूबाई दर रविवारी उजाडल्यापासून देवापुढं सांजवात लागेपर्यंत गप्प राहायच्या. पुढं हे पेन्शनीवर आले, आमचा विश्वजीत भरती झाला, आणि ते गप्प राहणं सासूबाईंनी चाव्यांच्या जुडग्यासारखं माझ्या हाती दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. नाथाचे कान दिवसभर मागण्या ऐकून किटलेले असतात. त्यात आपण गप्प राहिलो तर त्यालाच चुकल्याचुकल्यासारखं होतं, की ही बाई आज बोलेना का. आणि मग तो आपणहून चौकशीला येतो.

मला ते पटतं. एरवीही मी फारशी बोलत नाही. आमच्या घरात बोलायचं खातं ह्यांच्याकडं आहे. हे म्हणजे रिटायर सुभेदार हंबीरराव. कडेगावात सगळे तात्या म्हणतात. दाढी करतानासुद्धा ह्यांचं बोलणं थांबत नाही, म्हणून हनुवटीवर कायम एखादी ताजी चीर असते. माझ्या व्रतांवर तर ह्यांचा फार लोभ. "तुझं मौन म्हंजी माझी साप्ताहिक सुट्टी," असं दर रविवारी सकाळी म्हणायचं आणि स्वतःच हसायचं, हेही आता ह्यांचं व्रतच झालं आहे.

तर गेल्या उन्हाळ्यात विश्वजीत सुट्टीवर आला तेव्हा चार नवे दिवे घेऊन आला. मोबाइलवर बोट फिरवलं की पांढऱ्याचा पिवळा होणारे, पिवळ्याचा गुलाबी. बरोबर एक पांढरी चौकोनी डबी, मधोमध मोठं गोल बटण, वर तीन बारके निळे दिवे. मोबाइलचा निरोप दिव्यांना पोचवायचं काम तिचं. तिला ब्रिज म्हणतात, असं त्यानं सांगितलं. हे ऐकल्याबरोबर ह्यांची छाती फुगली, कारण ह्यांची सगळी नोकरी नद्यांवर लष्करी पूल टाकण्यात गेली.

"ब्रिज माझा विषय हाय," हे म्हणाले. "तू बिनघोर जा."

विश्वजीत गेला. तो आता अरुणाचलात अशा ठिकाणी आहे की जिथं पाचला अंधार पडतो आणि मोबाइलला रेंज मिळते ती संध्याकाळी साडेपाच ते सहा, तीही एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तर. गेल्या वर्षी राणीच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या, वाढदिवसाला "येतो" म्हणाला आणि सुट्टी रद्द झाली. पोरीनं केक कापला, पण खाल्ला नाही. "पप्पा खोटं बोलत्यात," एवढंच म्हणाली आणि आठ दिवस फोनवर आली नाही. तेव्हा यंदा त्यानं तिला दगडावरूनच शब्द दिला: "यायला जमत न्हाई बाळा, पण तुझ्या खोलीतला दिवा मी हितनं गुलाबी करणार. तुझ्या वाढदिवसाला, सहाच्या आत. बघच तू."

ते राणीनं गल्लीत सगळ्यांना सांगितलं. शाळेत बाईंना सांगितलं. भाजीवालीलाही सांगितलं. पाच वर्षांची पोर ती. आणि वाढदिवस आला रविवारी.

सकाळी मी तुळशीला पाणी घालून आत आले तर हे खुर्चीत मोबाइल घेऊन बसलेले.

"दीपमाला! हितं काय आलंय बघ. ब्रिज सापडला न्हाई म्हणतंय."

दीपमाला आमची सून. ती स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी आली. "तात्या, मोबाइल बंद करून चालू करा."

"केला."

"डबी बंद करून चालू करा."

"केली. सापडला न्हाई म्हणतंय. आरं सापडला न्हाई म्हंजी काय? ह्यो काय समोर बसलाय टीव्हीच्या फळीवर!" ह्यांनी मोबाइल उचलून त्याचं तोंड डबीकडं केलं, जणू त्याला दाखवायचं होतं. "बघ! दिसला?"

मोबाइलला काही दिसलं नाही. त्यातलं चाक गरगर फिरलं आणि पुन्हा तीच पाटी आली.

दहा वाजता शेजारचे बाळासो आले. बाळासोंचं मोटारी रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळो नाहीतर घरातला पंखा थांबो, त्यांचं निदान ठरलेलं.

"कपॅसिटर गेला असंल, तात्या."

"ह्याला कपॅसिटर असतोय व्हय?"

"असतोय की. समद्याला असतोय." बाळासोंनी डबी कानाला लावली, हलवली, वास घेतला. "न्हाईतर तुमचं नेट मंद असंल. माझ्या वायफायवर या. माझं लय फास्ट हाय."

मग ह्यांनी मोबाइल बाळासोंच्या वायफायला जोडला. चाक पुन्हा फिरलं. "सापडला न्हाई." बाळासो म्हणाले, आता ते माझ्या घरात शोधत असणार, तिकडंच जाऊन बघू. दोघं भिंतीपलीकडं गेले. बाळासोंच्या हॉलमध्ये, माडीवर, शेवटी गोठ्यात उभं राहून आमच्या घरातली डबी शोधून आले. म्हशीनं ह्यांची टोपी चाटली, एवढाच निकाल. परत आल्यावर मोबाइल पुन्हा आपल्या वायफायला जोडायचा असतो हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. हे मला नंतर कळलं.

अकराला ह्यांनी कंपनीच्या मदत-नंबरला फोन लावला, मोठ्या आवाजावर. मी शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. पलीकडून एक मुलगी, फार गोड आवाजाची, अगदी पुस्तकातलं मराठी बोलणारी.

"सर, आपला मोबाइल आणि ब्रिज एकाच नेटवर्कवर आहेत का?"

"एकाच घरात हाईत. एकाच खोलीत हाईत. दीड हाताचं अंतर न्हाई."

"सर, मोबाइलमध्ये लोकल नेटवर्कची परवानगी दिली आहे का?"

"परवानगी?" ह्यांचा आवाज चढला. "बाई, घर माझं, नेट माझं, मोबाइल माझा. परवानगी कुणाची घेऊ?"

"ठीक आहे सर. ब्रिजवर किती दिवे लागलेले दिसतात?"

"एक."

"तीन लागायला हवेत, सर. ब्रिजची तार थेट राउटरलाच जोडलेली आहे ना? कधी कधी ती चुकून दुसऱ्या उपकरणाला जोडली जाते. कुणी साफसफाई करताना हलवली असेल तर."

हे उठले, डबीच्या पाठची तार धरून ओढून बघितली. "घट्ट हाय."

"आणि दुसरं टोक, सर?"

"तेबी घट्टच असणार की. एकाच तारेचं हाय."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला सगळं दिसलं. दहा-अकरा दिवसांपूर्वी खंडेनवमी झाली. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं प्रत्येक अवजार पाटावर बसतं. विळा, कोयता, खुरपं, ह्यांची पदकं, दीपमालाचं शिलाई मशीन. मी म्हटलं, ही डबी घर उजळते, तीही अवजारच. तिला का ठेवा बाजूला? म्हणून तार काढून तिला पाटावर आणलं, गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी जाग्यावर ठेवली आणि तारेचं टोक टीव्हीच्या मागं हात घालून जोडलं. आमची टीव्हीची फळी सागवानी, जड; भिंतीत आणि तिच्यात हात जाईल एवढीच फट. आत दोन काळ्या डब्या आहेत. एकीला दोन शिंगं, म्हणजे वायफायची. दुसरी भुंडी, म्हणजे टीव्हीच्या चॅनेलची. सुट्टीत विश्वजीतनं तार जोडली होती ती शिंगवालीला. मी अंदाजानं चाचपडले, बोटाला पहिलं जे चौकोनी भोक लागलं त्यात टोक घातलं, आतून "टिक" असा समाधानाचा आवाज आला आणि मी हात जोडले.

पण हाताला शिंगं लागली नव्हती. आता आठवत होतं. तार मी भुंडीला जोडली होती.

भिंतीवरच्या बटणानं दिवे लागत होते, त्यामुळं इतके दिवस कुणाला पत्ता नाही.

मुलगी फोनवर सांगत होती, "सर, डबीच्या पाठीमागे एक बारीक भोक आहे. ते दाबणं हा अगदी शेवटचा उपाय. त्याने सगळं पुसलं जातं, मग ज्यांनी आधी जोडलं होतं त्यांच्या मोबाइलवरून सगळं पुन्हा—" पण "शेवटचा उपाय" एवढं ऐकून ह्यांनी "बाळासो! भोक हाय म्हणत्यात!" अशी हाक मारली आणि पुढचं ऐकलं फक्त मी.

दीपमाला बाहेर आली. पोरगी हुशार आहे. तिनं माझ्याकडंच बघितलं. "आई, तुमी फळी पुसताना तार हलवली हुती का?"

सासूबाई, काय करू? मान हलवली तर मौन मोडतं. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे डोळ्यांतूनसुद्धा काही जायला नको.

"आवं आई?"

"तिला कशाला इचारतीस?" हे म्हणाले. "तिला त्यातलं काय कळतंय?"

"आज रविवार," दीपमाला कपाळाला हात लावून म्हणाली आणि कढईकडं पळाली.

खरं सांगायचं तर त्या वेळी मला फार काळजी वाटली नाही. बोलायचं नाही, पण हात तर चालतात. जाते, तार काढते, शिंगवालीला लावते. त्यात काय? फडकं घेऊन मी फळीकडं गेले. तेवढ्यात बाळासोंनी मागच्या विजेच्या पट्टीला टेस्टर लावला आणि "आई गं!" करून असे मागं उडाले की शोकेसमधला ह्यांचा कबड्डीचा चषक डोलला.

"शॉक हाय, तात्या! लय शॉक हाय!"

"सरक गं तू मागं," हे मला म्हणाले आणि फळीसमोर खुर्ची ठोकून बसले. "ह्यो कोपरा आत्तापासनं सील. कुणी हात लावायचा न्हाई. तू तर अजाबात न्हाई, अनवाणी हिंडतीस."

सैन्यातला माणूस. एकदा सील म्हटलं की सील. जेवणही तिथंच, खुर्चीत. मी ताट घेऊन गेले, पाणी घेऊन गेले, ताक घेऊन गेले. प्रत्येक वेळी एक पाऊल फटीकडं टाकलं की ह्यांचा काठीसारखा हात आडवा.

दुपारी तीनच्या सुमाराला माझा धीर सुटायला लागला. देवावरचं एक जास्वंदीचं फूल घेतलं आणि जाता जाता फळीच्या मागं, अगदी त्या फटीच्या तोंडाशी, हळूच ठेवलं. फूल बघून कुणी आत डोकावलं तर डोकावलं. पण ठेवल्यावर मनात टोचायला लागलं. हे वाहिलं म्हणायचं की खूण केली म्हणायची? वाहिलं म्हणावं तर तिथं देव नाही. खूण म्हणावी तर हाताचं मौन मोडलं. मी पदराआड, मनातल्या मनात, नाथाला म्हटलं, तूच ठरव. नाथानं ठरवलं. बाळासोंनी फूल उचललं, "कुणाचं पडलं ओ?" म्हणत कानावर खोचलं आणि तसेच तासभर टेस्टर फिरवत बसले. माझं मौन वाचलं, पण दिवा काही लागला नाही.

पाचला पोरं जमायला लागली. राणी नवा परकर नेसून आपल्या खोलीत बसली होती. सगळ्या बाहुल्या तिनं भिंतीला टेकवून ओळीनं बसवल्या होत्या, त्यांची तोंडं दिव्याकडं. एक तर फुटक्या डोळ्याची होती, तिला पुढं.

"केक कापू या, बाळा," दीपमाला म्हणाली.

"पप्पांचा दिवा लागल्यावर."

"पप्पांना आज काम असलं तर?"

राणीनं बाहुलीचे केस सरळ केले. "आज्जी म्हणते काम असलं तरी शब्द पाळायचा असतो." आणि माझ्याकडं बघितलं.

साडेपाच झाले. पावणेसहा व्हायला आले. तिकडं तो दगडावर उभा असणार. इकडं सूर्य अजून डोंगराच्या हातभर वर. आमच्याकडं या दिवसांत सव्वासहाला मावळतो. त्याच्याआधी सांजवात नाही, आणि सांजवातीच्या आधी माझं तोंड उघडत नाही. पंधरा मिनिटांचा खड्डा मधे पडलेला, आणि त्यात पोरीचा वाढदिवस.

"तात्या, आता ते भोकच दाबू," बाळासो म्हणाले. "शेवटचा उपाय म्हणलीया ती."

"पिन लागंल." हे माझ्याकडं वळले. "तुझ्या बांगडीत असती बघ पिन. दे."

होत्या. दोन होत्या. आणि भोक दाबलं की विश्वजीतनं बांधलेलं सगळं पुसलं जाणार, तो तिकडं नुसताच बोट घासत बसणार, हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक.

मी ढिम्म उभी राहिले. नाही म्हणायची सोय नाही, हो म्हणायची तयारी नाही. बांगड्यांचा हात पाठीमागं घेतला असता तर ती खूण झाली असती, म्हणून हात आहे तिथंच ठेवला आणि त्याच्यासकट खांबासारखी उभी राहिले.

"अगं दे की!"

खांब.

"तात्या, काकींचं काय खरं न्हाई आज," बाळासो म्हणाले. "थांबा, माझ्या दुकानात बारीक सुई हाय, आणतो." आणि धावत गेले.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. आतून पोरांचा गलका, त्यात राणीचा आवाज नव्हता. ह्यांनी हातातला मोबाइल मांडीवर ठेवला. सबंध दिवसात पहिल्यांदा हे खुर्चीत मागं टेकले. मग देव्हाऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत देव्हाऱ्याकडं. घसा खाकरला.

"नाथा," हे अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मी काय ह्यातला न्हवं, तुला ठावं हाय. पर पोरीचा दिवा लागू दे. लागला तर म्हसवडला चालत येतो. उद्याच निघतो." थोडं थांबून, जणू एवढ्यात भागणार नाही असं वाटून, पुढं म्हणाले, "आन् वाटंत अवाक्षर बोलणार न्हाई. हिच्यावानी. मानसुदिक हलवणार न्हाई."

मी चाळीस वर्षं ह्यांच्याबरोबर आहे. हा माणूस चालत म्हसवडला जाईल, पाण्यातून जाईल, उलटा चालत जाईल; पण गप्प? मला हसू आलं, आणि हसणं मौनात बसतं की नाही हे सासूबाईंनी सांगितलेलं नाही, म्हणून मी वळले. वळल्यावर दाराआड केरसुणी दिसली.

आणि मला घड्याळ दिसलं. सहाला बारा कमी. सांजवातीच्या आधीचा केर! रोजचा. सासूबाईंच्या काळापासूनचा. दिवसभर मी फडकं, ताट, फूल असं काय काय घेऊन त्या कोपऱ्याशी झटले, आणि जे रोज हातात असतं तेच सुचलं नाही.

केरसुणी उचलली. राणीच्या खोलीच्या दारापासून लोटत आले. आमच्याकडं सांजेच्या केरसुणीला कुणी आडवं जात नाही, लक्ष्मी ती. पोरांनी पाय वर घेतले, दीपमाला बाजूला झाली. मी खुर्चीपाशी आले आणि थांबले.

ह्यांनी केरसुणीकडं बघितलं. सील एका बाजूला, लक्ष्मी दुसऱ्या बाजूला. आणि आत्ताच नाथाशी बोलणं झालेलं. हे उठले, खुर्चीसकट बाजूला झाले. "पायात चप्पल तरी घाल," एवढंच म्हणाले.

मी चप्पल घातली. घरात, केरसुणी हातात असताना, चप्पल! नाथानं तेवढं पोटात घातलं असेल. वाकले, फटीत केर लोटल्यासारखा हात घातला. बोटांना तार लागली. भुंडीतून टोक काढलं. वर चाचपत गेले, शिंग लागलं, दुसरं शिंग लागलं, त्याच्याखाली भोकांची रांग. टिक.

माझा हात कुणाशी बोलला नाही. आपली चूक आपण निस्तरली, बस. मग उरलेला केरही काढला, कारण अर्धा केर टाकून कुणी जात नाही.

"आणली! आणली!" बाळासो सुई उंच धरून आत शिरले. "तात्या, डबी पालथी करा!"

ह्यांनी डबी उचलली, पालथी केली. म्हणून त्यांना दिसलं नाही. मला खालून दिसत होतं: एक निळा दिवा, मग दुसरा. तिसरा लुकलुकत होता. बाळासोंनी एक डोळा मिटला, सुई भोकाशी नेली, आणि नेम चुकून ह्यांच्या अंगठ्यात घातली.

"आयला बाळासो!"

"हलवू नका की!"

दुसऱ्यांदा नेम धरला, आणि आतून अशी किंकाळी आली की सुई हातातून पडली.

"लागला! लागलाऽऽ!"

आम्ही धावलो. खोली गुलाबी झाली होती. भिंती गुलाबी, पोरं गुलाबी, केकवरची पांढरी साय गुलाबी, फुटक्या डोळ्याची बाहुली गुलाबी. राणी मधोमध उभी राहून दोन्ही हात पुढं धरून बघत होती, हात आपलेच आहेत की काय म्हणून. मग दिवा पांढरा झाला, परत गुलाबी, परत पांढरा, परत गुलाबी.

"डोळा मारत्यात पप्पा!" ती म्हणाली.

"तात्या, मोबाइल बघा की," दीपमाला म्हणाली. ह्यांनी बघितला. चाक फिरत होतं. खाली पाटी: ब्रिज सापडला नाही. मोबाइल बिचारा अजून बाळासोंच्या गोठ्यात शोधत होता.

दीपमालाचा फोन वाजला. "लागला का गं?" विश्वजीत ओरडून विचारत होता, वाऱ्याचा आवाज येत होता. "कवाधरनं दाबतोय, दावतच नव्हतं काय, आन् आत्ता एकदम आलं!"

"लागला, पप्पा! तुमी खरं बोलता!" राणीनं फोन हिसकून घेतला. मग ती बोलत राहिली, बोलत राहिली, अगदी तात्यांची नात शोभेल अशी. शेवटी तिकडून आवाज आला, "आज्जीला दे." फोन माझ्या कानाला लावला तिनं.

"आई, रविवार हाय, ठावं हाय मला. तू नगंस बोलू. ऐकतीस न्हवं?"

मी ऐकत होते. माझा श्वास त्याला ऐकू गेला असेल तर तो मी मुद्दाम सोडला नव्हता. मग रेंज गेली.

बाळासो गल्लीत सांगत सुटले, "मी सुई नुसती दावली आन् ब्रिज सरळ झाला." त्यांना केकचा मोठा तुकडा मिळाला.

सव्वासहाला मी सांजवात लावली, हात जोडले, आणि वळून ह्यांच्याकडं गेले. हे देव्हाऱ्यासमोर उगाच उभे होते.

"तार मी लावली," मी म्हणाले. दिवसातलं पहिलं बोलणं, आवाज घोगरा आला. "खंडेनवमीला चुकीच्या डबीला लावली तीबी मीच, आन् आज केर काढताना नीट केली तीबी मीच. उगं तुमी शब्दात अडकून पडू नका."

ह्यांनी देव्हाऱ्याकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं.

"म्हंजी नाथानं काय केलं न्हाई?"

"मी काय सांगू? केरसुणी तर मला रोजच दिसती. आजच दिवसभर दिसली नव्हती, आन् तुमी बोलल्यावर दिसली."

हे मिशीवरून हात फिरवत राहिले. "मी काय बोललो त्ये तू ऐकलंस?"

"मी तर गप हुते."

"गप हुतीस. भैरी न्हवतीस." आणि खाली बघून, "बाळासोला सांगू नगंस."

रात्री हे केक खाऊन झोपले. मला वाटलं, विसरायचं ठरवलं असेल. गुडघा दुखतो, वय सत्तरीला टेकलं, आणि ह्यांचा तो विषय नव्हेच.

पहाटे मी उठले तर ओसरीवर ह्यांचे जुने काळे बूट पॉलिश करून ठेवलेले. हे नाडी बांधत होते. कोपऱ्यात पाण्याची बाटली, लाल शाल, आणि काठी नाही. मी आत जाऊन रात्रीच्या दशम्या आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधून आणली. काही बोलले नाही. सवय आहे.

"काठी देऊ?" एवढं मात्र तोंडातून गेलंच.

ह्यांनी तोंड उघडलं. मिटलं. मान हलायला निघाली, तीही अर्ध्यात अडवली आणि ताठ केली. माझ्याकडं असं बघितलं, की म्हणजे माझीच परीक्षा घेतीस व्हय. मी काठी आणून भिंतीला टेकवली आणि आत वळल्यासारखं केलं. मागं बघितलं तेव्हा काठी तिथं नव्हती.

फाटक लावताना ह्यांचा कायम धाडकन आवाज होतो. गल्लीतली पोरं त्यावर जागी होतात. आज ह्यांनी कडी दोन बोटांनी उचलली आणि पाखराला खाली ठेवावं तशी ठेवली.

पलीकडं बाळासो दात घासत उभे होते. तोंडात फेस, तरी राहवलं नाही. "आवं तात्या! पहाटंपहाटं बूट घालून कुठं? ब्रिज सापडला का मोबाइलला?"

ह्यांची मान लाल झाली. चांगलं लांबलचक उत्तर पोटातून निघून गळ्यापर्यंत, गळ्यातून मिशीपर्यंत आलेलं मला इथून दिसत होतं. मिशी थरथरली. बाळासो वाट बघत उभे राहिले, फेस हनुवटीवर आला.

हे मान ताठ ठेवून त्यांच्यासमोरून गेले आणि म्हसवडकडं जाणाऱ्या मायणीच्या रस्त्याला लागले.